रोशा तेल: सुगंधी द्रव्य ते बुरशीरोधक – वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

विदर्भ, खानदेश व निमाड येथील माळांवर आणि विरळ वनांत आढळणारे रोशा गवत ‘तिखाडी’ या नावानेही परिचित आहे. ऊर्ध्वपातनाने काढलेले त्याचे तेल एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून तुर्कस्तानात जाई आणि बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. युरोपात ते ‘तुर्की जिरेनियम तेल’ या फसव्या नावाने ओळखले गेले. स्थानिक लोक ते सांधेदुखीवर चोळीत. बाजारात मात्र त्याचे मूल्य सुगंधावरच ठरले.

१८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ जेकबसेन यांनी याच तेलातून ‘जिरॅनिऑल’ वेगळे केले. १९०९ मध्ये बर्किल यांनी या गवताचे ‘मोतिया’ व ‘सोफिया’ असे दोन प्रकार नोंदविले. त्यांपैकी मोतियात जिरॅनिऑलचे प्रमाण अधिक असते. जिरॅनिऑल बुरशीवर्गीय पेशींचे आवरण सैल करून त्यांतील पोटॅशियम बाहेर पाडते, हे १९८८ मधील कँडिडा व यीस्टवरील प्रयोगांत दिसून आले. अर्थात, सुगंधासाठी विकल्या गेलेल्या घटकाचा संरक्षक गुण स्पष्ट होण्यास शतकाहून अधिक काळ लागला.

वर्धा जिल्ह्याच्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा ठरतो. १९६४ मध्ये आलेल्या ‘सीएसएच-१’ पासून लवकर पक्व होणारी संकरित ज्वारी पसरली. तिचे दाणे भरताना पाऊस आल्यास फ्युजॅरियम व कर्व्हुलॅरिया बुरशींमुळे कणसे काळी पडतात. ओलसर साठवणीत अ‍ॅस्परजिलस वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. १९७४ मध्ये गुजरात व राजस्थानात अशा विषारी मक्याने शंभराहून अधिक बळी घेतले.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष म्हणजे उपचार नव्हे. हे तेल उडून जाते, धान्याला वास लागतो आणि खर्चही वाढतो. शेतातील बुरशीपेक्षा बंदिस्त साठवणीतच त्याचा उपयोग अधिक संभवतो. तोही धान्य नीट वाळविल्यानंतरच.

१९३४ मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने, जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली, गावचा कच्चा माल गावातच पक्का व्हावा हा विचार मांडला. मगनवाडीत सुधारलेली ‘वर्धा घाणी’ हे त्याचे मूर्त रूप होय. रोशा तेलाच्या इतिहासात हेच सूत्र हरवलेले दिसते: गवत येथले, नाव तुर्कस्तानचे, नफा परक्यांचा. त्याच गवताचा गुण येथील कोठारातील ज्वारीच्या कसोटीवर तपासला गेला, तरच हा इतिहास गावाच्या बाजूने पूर्ण होईल.