चाकूला कडं लागायला लागलेली ६५ वर्षं

माझ्या डाव्या तर्जनीवर एक पांढरी रेघ आहे. राजगडावर काकडी कापताना जत्रेतला घडीचा चाकू मिटला, तो थेट बोटावर. खाली उतरतानाच ठरवलं, आता एकच घ्यायचा, पण धड.

निवड दोघांत आली. पहिला स्विस. कार्ल एल्सनर यांनी १८९१मध्ये तो सैन्याला पुरवायला सुरुवात केली. पात्यासोबत स्क्रूड्रायव्हर होता, कारण सैनिकाला रायफल खोलून साफ करावी लागे. आणि डबा उघडायचं हत्यार, कारण जेवण डब्यातलं. (बुचाचा स्क्रू आला १८९७च्या अधिकाऱ्यांच्या चाकूत. साहेबांची तहान वेगळी!)

दुसरा फ्रान्समधल्या साव्वाचा. जोझेफ ओपिनेल यांनी १८९०मध्ये बनवलेला. एक पातं, एक लाकडी मूठ, बस्स. १८९७मध्ये १ ते १२ नंबरचे आकार आले. पण उघडलेलं पातं अडकवून ठेवायची सोय? ती थेट १९५५मध्ये आली. मार्सेल ओपिनेल यांनी मुठीच्या तोंडाशी फिरणारं धातूचं कडं बसवलं. त्याआधीच्या ६५ वर्षांत किती तर्जन्यांवर माझ्यासारखी रेघ उमटली असेल, कोण जाणे.

त्या कड्यासाठीच आठ नंबर घेतला, साडेआठ सेंटिमीटर पात्याचा, कार्बन स्टीलचा. मित्र म्हणाला, पावसाळ्यात रडशील, स्टेनलेस घे. ऐकलं नाही. पहिल्याच आठवड्यात कैरी कापून तसाच ठेवला, सकाळी पातं काळं! आता कापलं की लगेच पुसतो, तेलाचा थेंब लावतो. आणि कडं फिरवल्याशिवाय कांद्यालाही हात लावत नाही.