असेंब्ली आज्ञावलीचे रूपांतर

संगणकाच्या प्रक्रियकाला कळणाऱ्या अंकरूप आज्ञांऐवजी स्मरणसुलभ संकेत वापरणारी भाषा म्हणजे असेंब्ली भाषा. ती विशिष्ट प्रक्रियकाशी निगडित असल्याने प्रक्रियक, लेखनपद्धती किंवा कार्यावस्था बदलली की आज्ञावलीचे रूपांतर करावे लागते.

इंटेल कंपनीच्या ८०८० (१९७४) या सूक्ष्मप्रक्रियकाची ‘मूव्ह ए, बी’ ही आज्ञा झायलॉग कंपनीच्या झेड-८० (१९७६) साठी ‘एलडी ए, बी’ अशी लिहीत; दोहोंचे यांत्रिक रूप मात्र एकच होते. ८०८६ (१९७८) मध्ये यांत्रिक रूपच बदलले. तथापि ८०८० चे प्रमुख नोंदक नव्या नोंदकांशी जुळविता येत असल्याने (उदा., ‘ए’ साठी ‘एएल’, ‘बी’ साठी ‘सीएच’) इंटेलने रूपांतर करणारी आज्ञावलीच पुरविली. युनिक्स परंपरेतील एटी अँड टी पद्धतीत, इंटेल पद्धतीच्या उलट, मूळ स्थान आधी व गंतव्य स्थान नंतर लिहितात.

संकेतांची अशी अदलाबदल यंत्राकडूनही करविता येते. कार्यावस्थेतील बदल मात्र अधिक मूलगामी असतो. ८०८६ मध्ये खंड-नोंदकातील संख्येला १६ ने गुणून तीत विस्थापन मिळविले की स्मृतीतील पत्ता मिळतो. ८०२८६ (१९८२) च्या संरक्षित अवस्थेत हीच संख्या कोष्टकातील एका नोंदीचा निर्देश करते. ८०३८६ (१९८५) मध्ये तर एकच आज्ञासंकेत १६ बिटी अवस्थेत पुढील २ बाइट, तर ३२ बिटी अवस्थेत ४ बाइट आपले मानतो.

मराठवाड्यात नांदेड येथे श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था १९८१ मध्ये, तर नांदेड व लातूर हे जिल्हे कार्यक्षेत्रात असलेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. देशात इतरत्र झाले त्याप्रमाणे येथील विद्यार्थ्यांनाही असेंब्ली भाषेचा परिचय मुख्यतः ८०८५ व ८०८६ यांच्याद्वारे झाला. डॉस प्रणालीसाठी लिहिलेली अशी आज्ञावली पडद्यावर अक्षर उमटविण्यासाठी डॉसच्या व्यत्यय-सेवेवर विसंबते. लिनक्समध्ये ती सेवाच नसल्याने सर्व संकेत बिनचूक बदलूनही आज्ञावली चालत नाही.

यास्तव रूपांतरकाराला प्रत्येक आज्ञेचा हेतू व अवस्था दोन्ही ज्ञात असावी लागतात. आज्ञावली कोणत्या अवस्थेसाठी लिहिली, याची नोंद जपली नाही, तर केवळ उरलेल्या बाइटांवरून तिचा अर्थ निश्चितपणे लावता येत नाही.