बोडियमचा किल्ला

इंग्लंडच्या पूर्व ससेक्स परगण्यात, रॉदर नदीच्या खोऱ्यातील बोडियम खेड्यालगतचा भुईकोट. चारी कोपऱ्यांना गोल बुरूज, भोवती तळ्याएवढा रुंद खंदक. बालेकिल्ला मात्र नाही. सर एडवर्ड डॅलिंग्रिज याला लग्नातून इथली जहागीर मिळाली, फ्रान्समधील लढायांतून पैसा मिळाला आणि १३८५ साली राजा दुसरा रिचर्ड याच्याकडून तटबंदीचा परवाना मिळाला. परवान्यात मुलखाच्या संरक्षणाचे कारण नमूद असल्याने बोडियमला लष्करी ठाणे म्हणण्याची रीत पडली. फ्रेंचांची भीती खोटी नव्हती. १३७७ मध्ये त्यांनी जवळचे राय बंदर जाळले होते. तरी वास्तूची साक्ष वेगळी पडते. खंदकाचे पाणी मातीच्या बांधाने अडवलेले आहे. बांध फोडला की खंदक कोरडा. आत मात्र भिंतींतल्या शेकोट्या तीसच्या आसपास आणि शौचकूपही जवळजवळ तेवढेच. दरवाज्याच्या छतात शत्रूवर मारा करण्यासाठी भोके आहेत, तोफांच्या जंग्याही आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण या जंग्या मुख्यतः दरवाज्यांच्या बाजूला, म्हणजे पाहुण्याच्या नजरेसमोर आहेत. संरक्षणाची सोय होतीच. थाट तिच्याहून मोठा होता, असेच म्हणावे लागते.

पुढचा इतिहासही लढायांपेक्षा वारसा, जप्ती आणि खरेदीखतांचा आहे. लूक्नर घराण्याकडे असताना १४८३ मध्ये तिसऱ्या रिचर्डने किल्ला घेण्यासाठी माणसे धाडली; मोठी झुंज झाल्याचा पुरावा मिळत नाही. यादवी युद्धात राजपक्षीय मालक जॉन टफ्टन याच्यावर दंड बसला, तो भागवण्यासाठी त्याने १६४४ साली किल्ला पार्लमेंटच्या बाजूच्या नॅथॅनिएल पॉवेलला विकला. त्यानंतर आतल्या इमारती उतरवल्या गेल्या, तट राहिले. १८२९ मध्ये जॉन फुलरने तो घेतला आणि पाडापाडी टळली. हा फुलर जमैकातील गुलामांच्या श्रमावर श्रीमंत झालेला होता, हे उपकार मोजताना विसरू नये. त्याच्या वारसांकडून तो जॉर्ज क्यूबिटकडे आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात लॉर्ड कर्झनकडे गेला.

बंगालच्या फाळणीमुळे आपल्याकडे बदनाम झालेला हाच व्हाइसरॉय. १९०४ चा प्राचीन स्मारक संरक्षण कायदाही त्याच्याच कारकिर्दीतला. कर्झनने अवशेषाला देखणे बाहुले केले, अशी टीका होऊ शकते. पण त्याने खंदक उपसून तट सावरले, आतले दिवाणखाने नव्याने उभारले नाहीत, त्यामुळे मूळ आणि डागडुजी यांत घोटाळा होत नाही. १९२५ मध्ये तो वारल्यावर मृत्युपत्रानुसार किल्ला नॅशनल ट्रस्टकडे आला. आजही मालकी त्याच संस्थेची आहे.