धाव, चाल आणि पळ

इंग्रजीतील 'रन' या क्रियापदाला मराठी प्रतिशब्द विचारला, तर एम.ए.च्या वर्गातही एकमुखाने 'धावणे' असेच उत्तर येते. उत्तर चूक नाही. पण घड्याळ, नदी, अफवा, संस्था आणि निवडणूक यांच्यासंबंधीची पाच साधी 'रन'युक्त वाक्ये भाषांतरासाठी दिली, की हे 'धावणे' एकाही वाक्यात उपयोगी पडत नाही. घड्याळ चालते, नदी वाहते, अफवा पसरते, संस्था चालवली जाते आणि निवडणूक तर लढवावी लागते! ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९२८ साली पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' या शब्दाची होती. नव्या आवृत्तीत तो मान 'रन'कडे गेला. २०११ साली केवळ क्रियापदाचेच ६४५ अर्थ नोंदले गेल्याची बातमी आली. या वाढीचे बरेचसे श्रेय यंत्रयुगाकडे जाते. इंग्रजांनी आपल्या यंत्रांना पळायला लावले, एवढेच त्याचे सार.

मराठीने काय केले? मोल्सवर्थने आरंभलेला आणि कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. त्यानंतर सहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास, बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे प्रवासी घेऊन पहिली आगगाडी ठाण्यास निघाली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. म्हणजे कोश रचला जात होता तेव्हा इंग्रजीतले हे 'रन' रुळांवर कसे दिसते, हे इथल्या बहुतेकांनी पाहिलेले नव्हते. 'गाडी' हा शब्द मात्र घरचाच होता. ती बैलांची, ती चालत असे, तिला हाकीत असत. पुढे आलेल्या यंत्रांना मराठीने हेच बैलगाडीचे क्रियापद देऊन टाकले. गिरणी चालते, पंप चालतो, संगणकही चालतो. धावण्याचा मान मिळाला तो प्रामुख्याने आगगाडीला. म्हणूनच आमच्या डोंबिवलीच्या फलाटावर दोन्ही क्रियापदे आजही वेगवेगळी कामे करतात. २६ जुलै २००५ सारख्या पावसात लोक 'गाड्या चालू आहेत का?' असे विचारतात, 'धावू लागल्या का?' असे नव्हे. आणि चढू नये ती मात्र धावत्या गाडीत.

या विभागणीचे वेगळेपण इंग्रजीच्या शेजारी ठेवून दिसते त्याहून अधिक स्पॅनिशच्या शेजारी ठेवून दिसते. तिथे पायांनी धावणे म्हणजे 'कोर्रेर', चालणे म्हणजे 'आंदार'. आणि घड्याळ किंवा मोटार सुरू असेल तर तेही 'आंदार'च. अगदी मराठीप्रमाणे. फ्रेंच माणूस होकार देताना 'सा मार्श' म्हणतो, तेही आपले 'चालेल'च की! स्पॅनिशचे उदाहरण वाचकांना दूरचे वाटू नये. 'कोर्रेर' आणि 'आंदार' ही क्रियापदे पोर्तुगीजमध्येही आहेत, आणि ठाणे मराठ्यांनी १७३७ साली व वसई १७३९ साली घेईपर्यंत या परिसरावर पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यातही १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्याच राजाच्या माथ्यावर होता.

खरी अडचण येते ती 'पळणे' या शब्दापाशी. मुलांच्या खेळात आणि अनेक बोलींत 'पळणे' निरुपद्रवी आहे, हे मान्य. पण प्रमाण गद्यात देव भक्तासाठी धावतो, चोर पळतो. धाव कोणाच्या तरी दिशेने असते, पळ कोणापासून तरी दूर. स्पॅनिशमध्येही दुसऱ्यासाठी 'उइर' हे स्वतंत्र क्रियापद आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांचा जय झाला आणि दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणमार्गे वसईस पोचला. ३१ डिसेंबरला तिथे इंग्रजांशी तह झाला. या प्रवासाला कोणते क्रियापद द्यायचे? 'निघून गेला', 'आश्रयास गेला', की 'पळाला'? लोकांनी केव्हाच निवड केली आणि 'पळपुटा' हे विशेषण पेशव्याला कायमचे चिकटले. आमच्या मते बाजीरावाचा खरा दोष वसईत केलेल्या सहीत आहे, वसईच्या वाटेत नाही. पण पळपुटेपणाच्या शब्दाने वाट तेवढी लक्षात ठेवली. इंग्रजी ग्रंथांवरून इतिहास मराठीत आणणाऱ्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणी कोश मिटून प्रसंग वाचावा. क्रियापद लिहिताना तो निवाडाच लिहीत असतो, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ताही नसतो.

'धाव' या नामाची गोष्ट अधिक सुखाची आहे. मोटेच्या विहिरीवर बैल ज्या उतरणीवरून येजा करीत ती धाव. गाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी हीही धाव. क्रिकेटला मराठी शब्द हवा होता तेव्हा हा शब्द हाताशी होताच. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांच्या आकाशवाणीवरील समालोचनातून 'धावा' आणि 'धावबाद' घराघरांत पोचले. त्या समालोचनाला आपण 'धावते' म्हणतो, ते मात्र सरळसरळ इंग्रजीचे उसने. तेवढे उसने पचले. 'कंपनी धावते' पचत नाही. कंपनी, शाळा आणि संसार मराठीत चालवावेच लागतात.

आता बँकेच्या खिडकीवरची एक पाटी. इंग्रजीतील 'करंट' मुळात लॅटिनमधल्या धावण्याच्या धातूपासून आलेला. स्पॅनिशमधील 'कुएन्ता कोर्रिएन्ते'मध्येही 'कोर्रेर'च दडलेले. युरोपात जे खाते धावते, त्याला आम्ही 'चालू खाते' म्हणतो. पुढे दोन्ही शब्द बाजारात उतरले आणि त्यांची नशिबे वेगळी झाली. स्पॅनिशमध्ये 'कोर्रिएन्ते' माणूस म्हणजे साधासुधा, चारचौघांसारखा. आणि मराठीत 'चालू' माणूस म्हणजे काय, हे ८.१२ च्या लोकलमध्ये चौथी सीट मिळवणाऱ्याला विचारावे.