पट्टीचं वजन

कीबोर्डच्या दुकानात विक्रेता सगळ्यात आधी डेमोचं बटण दाबतो. तबला सुरू होतो, मागून व्हायोलिनं भरतात आणि पाच मिनिटांत गिऱ्हाइकाचं मन बनतं. ते कानांनी बनवलेलं असतं. माझं म्हणणं, पहिली पंधरा मिनिटं वाद्य बंदच ठेवावं. आवाज नंतर सुधारता येतो. बरे हेडफोन घ्या, बाहेरचा स्पीकर लावा, संगणकातला पियानो जोडा. पट्ट्या मात्र मिळाल्या त्याच राहतात. माझा पहिला कीबोर्ड मी त्यातल्या बासरीवर भाळून घेतला होता. बासरी वर्षभरात विटली, आणि करंगळीखाली नेहमी दबकी वाजणारी ती पट्टी पुढे सहा वर्षं सोबत राहिली.

आपल्याकडे अशा कुठल्याही वाद्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात, मग वर नाव कुणाचंही असो. त्यामुळे आतली यंत्रणा वेगवेगळी असते हेच अनेकांच्या गावी नसतं. ढोबळमानाने तिच्या तीन जाती आहेत. पहिलीत पोकळ प्लास्टिकची पट्टी नुसत्या स्प्रिंगवर परतते. दुसरीत स्प्रिंग तीच, पण पट्टीला थोडा भार दिलेला असतो. तिला 'सेमी-वेटेड' म्हणतात. भार किती असला म्हणजे हे नाव लावायचं, याची सर्वमान्य व्याख्या नाही, म्हणून खोक्यावर हा शब्द दिसला तरी त्यावरून काही ठरवू नये. तिसरी हॅमर अॅक्शन. तिच्यात प्रत्येक पट्टी एक वजनदार तरफ उचलते आणि ती तरफ स्वतःच्या भाराने खाली येऊन पट्टीला वर ढकलते. 'ग्रेडेड' असेल तर खर्जाकडच्या पट्ट्या जड आणि तारसप्तकाकडे जावं तशा हलक्या होत जातात, कारण खऱ्या पियानोतही खर्जाच्या हातोड्या मोठ्या असतात.

इथवर सगळेच सांगतात. घोळ होतो तो 'वजन' या एका शब्दाने. त्यात किमान दोन निराळ्या गोष्टी दडल्या आहेत, आणि दुकानात त्यांची सरमिसळ होते.

पहिली गोष्ट म्हणजे पट्टी संथपणे खाली जायला लागणारा भार. हा घरच्या घरी मोजता येतो. पाच रुपयांची २०११ सालच्या मालिकेतली पितळी रंगाची नाणी घ्या. एक नाणं ६ ग्रॅमचं आणि २३ मिलिमीटर व्यासाचं असतं, म्हणजे पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या टोकावर नेमकं बसतं. दहाचं नाणं घेऊ नका. ते २७ मिलिमीटरचं असल्याने शेजारच्या पट्ट्यांवर टेकतं आणि मोजणी फसते. आता एकावर एक नाणी चढवत जा. हॅमर अॅक्शनवर सात नाण्यांपर्यंत बहुधा काहीच होत नाही, मग आठव्या-नवव्याला पट्टी सावकाश निघते आणि थेट तळाला जाते. म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, चांगल्या ग्रँड पियानोला लागतो साधारण तेवढाच भार. स्प्रिंगच्या पट्टीचं वागणं वेगळं. काही नाण्यांना ती अर्ध्यावर जाऊन थांबते, आणखी एक ठेवलं की थोडी आणखी खाली जाते, कारण स्प्रिंग जितकी दाबावी तितकी उलट ढकलते. हातोडी बोटाला सुरुवातीला अडवते आणि पुढे वाट देते, स्प्रिंग सुरुवातीला वाट देते आणि पुढे अडवते. दोन्हींचा एकूण भार सारखा भरला तरी हाताला त्या एकसारख्या कधीच लागत नाहीत.

दुसरी गोष्ट जडत्व. ते नाण्यांनी कळत नाही. खऱ्या पियानोत पट्टी सुमारे १० मिलिमीटर खाली जाते तेवढ्यात हातोडी ४५ मिलिमीटरच्या आसपास उडते, म्हणजे तिचा वेग साडेचारपट. बोटाला जाणवणारं जडत्व या गुणोत्तराच्या वर्गाने वाढतं. म्हणून ८ ग्रॅमची हातोडी जोरात हलवताना बोटाला ती १६० ग्रॅमसारखी वाटते. पट्टीत शिसं ठोकून संथ भार कमी करता येतो, जडत्व मात्र त्याने उलट वाढतं. म्हणून दोन वाद्यांवर नाणी तितकीच लागूनही एकावर द्रुत तान सहज निघते आणि दुसऱ्यावर मनगट धरतं. हे तपासायचं तर वेगात वाजवूनच तपासावं लागतं. ज्याला अजून वेगात वाजवता येत नाही, त्याने वाजवणारा मित्र सोबत न्यावा.

यापुढचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि खरेदीच्या वेळी तोच हमखास निसटतो. पट्टी ही तरफ आहे आणि तिचा टेकू आत, डोळ्यांआड असतो. तो टोकापासून किती लांब आहे, त्यावर आतल्या बाजूला दाबणं किती सोपं जाईल हे ठरतं. समजा टेकू १८ सेंटिमीटरवर आहे आणि बोट १० सेंटिमीटर आत, दोन काळ्यांच्या मधल्या पांढऱ्यावर पडलं. उरलेला हात ८ सेंटिमीटरचा. टोकाला ५० ग्रॅम लागत असतील तर इथे ११२ लागतील, आणि १० मिलिमीटरची चाल जेमतेम साडेचारवर येईल. टेकू २४ सेंटिमीटरवर असता तर ८६ ग्रॅम लागले असते आणि जवळजवळ ६ मिलिमीटर चाल मिळाली असती. वाद्याचं खोकं जितकं आटोपशीर, तितका टेकू बहुधा जवळ.

पांढरी एकमध्ये सरगम घोटणाऱ्या पोराला यातलं काही जाणवत नाही, त्याची बोटं पट्ट्यांच्या टोकावरच चालतात. पण गायिकेच्या साथीला काळी चार धरणाऱ्याचं काय? षड्ज काळ्यावर, ऋषभ, मध्यम, पंचम काळ्यावर, आणि गंधार, धैवत, निषाद पांढऱ्यांवर. हात आत सरकलेला असतो, त्यामुळे पांढऱ्यांवरची बोटं काळ्यांच्या फटीतच पडतात. तिथे नाणं मावत नाही, बोटानेच बघावं. काळी चार किंवा काळी पाचमध्ये बिलावलचा आरोह-अवरोह पन्नास वेळा करावा. गंधार-धैवतांना इतरांपेक्षा जास्त जोर लागू लागला की टेकू जवळ आहे असं समजावं. ट्रान्सपोजचं बटण आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे, पण ज्याच्या हाताला पंधरा वर्षं काळी चारची सवय आहे, त्याला पांढरी एकवर आणून बसवणं म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावा वापरायला सांगणं.

साथीचा विषय निघाला म्हणून पेटीबद्दल. हार्मोनियमची पट्टी आतली झडप उघडते, बस्स. ती जोरात दाबली काय आणि हळू दाबली काय, आवाज भात्याच्या हवेवर ठरतो. त्यामुळे पेटीवाल्याचं बोट मारत नाही, सरपटतं. पियानोचं तंत्र नेमकं उलटं. पियानोचा जनक क्रिस्तोफोरी याने १७०० च्या सुमारास फ्लोरेन्समध्ये जी यंत्रणा बसवली, तिच्यात हातोडी तारेला लागण्याआधीच पट्टीपासून सुटते, म्हणजे सुटतानाचा तिचा वेग एवढाच काय तो वादकाच्या हातात. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डही हाच वेग मोजतो. पट्टीखाली रबराच्या घुमटीत दोन संपर्क असतात, एक आधी जुळतो, दुसरा किंचित नंतर. मधला काळ जितका कमी तितका सूर मोठा. मिडी या इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या १९८३ पासून चालत आलेल्या संदेशपद्धतीत हा जोर १ ते १२७ या आकड्यांत मांडतात. पेटीचं सरपटतं बोट या मोजमापात अडकतं आणि निम्मे सूर पुसट उमटतात. म्हणून पेटी आणि ऑर्गनच्या आवाजातच वाजवणार असाल तर हलक्या स्प्रिंगचा कीबोर्ड आणि हा जोर मोजणारा टच रिस्पॉन्स बंद, हीच योग्य निवड आहे. जड पट्टी म्हणजे उंची पट्टी, ही दुकानी अंधश्रद्धा आहे.

आता वाद्य चालू करा. आवाज पियानोचा, ताल-बिल काही नको. एकच सूर जितका हळू जमेल तितका हळू, वीसदा वाजवा. किती वेळा सूर आलाच नाही आणि किती वेळा अचानक मोठा आला, ते मोजा. मग तोच सूर तीन बोटं आलटूनपालटून झाल्यासारखा भरभर, पट्टी पूर्ण वर येऊ न देता वाजवा. दोन संपर्कांच्या यंत्रणेत पट्टी वरच्या संपर्काच्या पलीकडे गेल्याशिवाय पुढचा ठोका नीट मोजला जात नाही, तिसरा संपर्क असेल तर अर्ध्यावरूनही सूर निघतो. यामाहाच्या पी-४५ मधल्या जीएचएस या यंत्रणेत दोन संपर्क आहेत, रोलंडच्या पीएचए-४ मध्ये तीन. आकडा विचारून घ्यावा, पण कौल बोटांचाच मानावा. वाद्य जुनं घेत असाल तर सगळ्या पट्ट्या एकेक करून हळू दाबा. एखादी कशीही दाबली तरी बोंबलते किंवा गप्प बसते, तेव्हा बहुतेक वेळा रबराच्या संपर्कावर धूळ बसलेली असते. ती साफ होते, पण त्याचा खर्च किमतीतून कापून मागा.

शेवटी पुन्हा आवाज बंद करून दोन्ही हातांनी जोरात वाजवा आणि पट्टी तळाला आपटल्याचा धप्प आवाज ऐका. सोबत्याला तळहात स्टँडच्या पायावर ठेवायला सांगा. तिथे हादरा लागला तर तो जमिनीतही जाणार. रात्री अकराला हेडफोन लावून रियाज करणाऱ्याला स्वतःला तो ऐकू येत नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंना पियानो ऐकू येत नाही, फक्त तो धप्प येतो, आणि तोही लयीत असेलच असं नाही.