गिलकीचा दोर

के-टू शिखराचा इतिहास वाचताना मी नेहमी १९५३ च्या ऑगस्टपाशी थबकतो. साडेपंचवीस हजार फुटांवर, वादळात, अमेरिकन मोहिमेतल्या आर्ट गिलकीच्या पायात रक्ताची गुठळी झाली. मोहिमेचे नेते चार्ल्स ह्यूस्टन स्वतः डॉक्टर. गुठळी फुप्फुसात गेली की खेळ संपला, हे ते जाणून होते. खाली नेणे हाच उपाय, आणि तोच अशक्य! तरी त्याला टाकून कोणी निघेना. १० ऑगस्टला तंबूत गुंडाळून त्याला दोरांनी उतरवू लागले. एक घसरला, त्याच्यामागे चौघे ओढले गेले. पीट शोनिंगने एका कुऱ्हाडीच्या आधाराने सर्वांना पेलले, गिलकीलाही. मग त्याला उतारावर बांधून ठेवून जखमींसाठी तंबू ठोकला. परतून पाहतात तो गिलकी नाही! त्यानेच दोर सोडला, असे ह्यूस्टन पुढे मानू लागले. मॉर्फिन दिलेल्या, गुंडाळलेल्या माणसाच्या हातून ते कसे व्हावे? मला हिमलोटच खरा वाटतो.