ट्रकवर नवीन चालक: झोपेकडे दुर्लक्ष नको

दहिवडी-म्हसवडकडून ट्रान्सपोर्ट कंपनीत चालक म्हणून रुजू होत असाल, तर आधी झोपेचा विचार करा. पहाटे साधारण २ ते ५ या वेळेत शरीर आपोआप झोपेकडे झुकते. नुसत्या जिद्दीने ती टळत नाही.

धोक्याची लक्षणे
वारंवार जांभया, पापण्या जड होणे, मागचे काही किलोमीटर न आठवणे, गाडी लेन सोडणे.

काय करावे?
• पेट्रोल पंपावर किंवा ढाब्यावर गाडी लावून १५-२० मिनिटे झोपा. उठल्यावर लगेच निघू नका; थोडे चाला.
• चहाचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो. तो झोपेची भरपाई करत नाही.
• सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी (उदा. सेटिरिझिन) झोप येते. औषध घेताना ‘मी ट्रक चालवतो’ हे डॉक्टरांना सांगा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?
मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा पेंग येणे ही स्लीप ॲप्नियाची लक्षणे असू शकतात. परवान्याच्या फॉर्म १-ए साठी डॉक्टर नजर, ऐकणे तपासतात; झोपेचा त्रास मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. घोरणे आधी घरच्यांच्या लक्षात येते, म्हणून तपासणीला त्यांनाही सोबत न्या.